नाव तेच, पण यंत्र तेच का?

दूरच्या सर्व्हरची ओळख कशी पटवावी. 'येस' लिहिण्याआधी एक मिनिट थांबणे का गरजेचे

वर्धा, प्रतिनिधी –

वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेगाव या खेड्यात महात्मा गांधी १९३६ मध्ये वास्तव्यास आले आणि या आडवाटेच्या गावी देशभरातून पत्रे येऊ लागली. मात्र मुंबई-नागपूर या एकाच लोहमार्गावर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव हे गाव होते. दोन्ही नावांत फरक केवळ एका अक्षराचा. त्यामुळे सेगावचे टपाल शेगावला जाऊ लागले. हा घोळ टाळण्यासाठी अखेर १९४० मध्ये सेगावचे 'सेवाग्राम' असे नामकरण करण्यात आले.

ती नामसाम्यातून झालेली चूक होती, त्यामागे कोणाचा डाव नव्हता. आज पत्रांची जागा संगणकाच्या संदेशांनी घेतली असताना हाच प्रश्न अधिक गंभीर रूपात उभा आहे. संदेश भलत्याच ठिकाणी पोहोचला, तर तेथे बसलेले यंत्र 'मीच तो' असे बेलाशक सांगू शकते. त्यावर विश्वास ठेवून एखाद्याने आपला पासवर्ड दिला, की पुढचे सारे सोपे होते. हे टाळण्यासाठी संगणकशास्त्राने एक साधा उपाय जवळपास तीस वर्षांपूर्वीच दिला आहे. तो उपाय प्रत्येक संगणकात आहे. पण वापरणाऱ्यांपैकी अनेक जण त्याकडे न पाहताच पुढे जातात.

दूरच्या यंत्राचे दार

संकेतस्थळे, विद्यापीठांचे ग्रंथसंग्रह, कार्यालयांच्या नोंदी, संशोधकांची गणिते हे सारे ज्या संगणकांवर चालते, ते सर्व्हर बहुधा वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसतात. वर्ध्यात बसून काम करणाऱ्याचा सर्व्हर मुंबईत, हैदराबादेत किंवा सिंगापुरात असू शकतो. पुण्याच्या 'सी-डॅक'ने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून पुण्याच्या 'आयसर' संस्थेत 'परम ब्रह्म' उभा राहिला. अशा यंत्रांवर काम करणारे संशोधक त्या खोलीत जाऊन बसत नाहीत. ते आपल्या टेबलावरूनच तेथे प्रवेश करतात.

या प्रवेशासाठी जगभर जी पद्धत रूढ आहे, तिला 'सिक्युअर शेल' अर्थात 'एसएसएच' असे म्हणतात. काळ्या चौकटीत एक ओळ टंकली, की शेकडो किलोमीटर दूरचे यंत्र आपल्या हुकमाने चालू लागते. फायली उघडता येतात, बदलता येतात, पुसताही येतात. म्हणूनच हे दार उघडण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळणे आवश्यक ठरते. येणारा कोण आहे, हा पहिला प्रश्न सर्व्हर विचारतो आणि त्याचे उत्तर पासवर्डने किंवा किल्लीने दिले जाते. पण हे दार खरोखर त्याच घराचे आहे का, हा दुसरा प्रश्न येणाऱ्याने विचारायचा असतो. नेमका तोच विचारला जात नाही.

हेलसिंकीतील चोरी

एसएसएचचा जन्मच एका चोरीतून झाला. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी टेहळणी करून पासवर्ड चोरले. त्या काळी 'टेलनेट'सारख्या कार्यक्रमांतून पासवर्ड पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे उघडाच प्रवास करीत असे. वाटेत ज्याच्या हाती पडेल, त्याला तो वाचता येई. त्या विद्यापीठातील संशोधक तातू युलोनेन यांनी यावर उपाय म्हणून सारी देवाणघेवाण कूटबद्ध करणारा कार्यक्रम लिहिला आणि जुलै १९९५ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. एफटीपीचे २१ आणि टेलनेटचे २३ या क्रमांकांच्या मधला २२ हा क्रमांक त्याला मिळाला, तो आजही कायम आहे. डिसेंबर १९९९ मध्ये 'ओपनबीएसडी' प्रकल्पाने 'ओपनएसएसएच' ही मुक्त आवृत्ती आणली. आज लिनक्स व मॅक संगणकांवर तीच असते आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येही तिचा समावेश झाला.

कूटबद्ध संवादामुळे वाटेवरच्या चोराला मजकूर वाचता येईनासा झाला. परंतु चोराने वाटेत लपण्याऐवजी स्वतःच सर्व्हरचे सोंग घेतले तर? अशा वेळी मजकूर कूटबद्धच राहतो. फक्त तो उलगडण्याची सोय चोराच्या हाती असते. वापरणारा त्याच्याशी बोलतो, तो खऱ्या सर्व्हरशी बोलतो आणि दोन्ही बाजूंना सारे सुरळीत भासते. पासवर्ड मात्र मधल्या माणसाकडे जातो. ही केवळ कल्पना नव्हे. सन २००० मध्येच डग साँग या सुरक्षातज्ज्ञाच्या 'डीस्निफ' या साधनसंचात जुन्या एसएसएच जोडणीच्या मध्ये शिरून दाखविणारा कार्यक्रम समाविष्ट होता.

यंत्राचा अंगठा

या सोंगापासून बचाव करण्यासाठी प्रत्येक एसएसएच सर्व्हरला स्वतःच्या किल्ल्यांची जोडी दिलेली असते. तिला यजमान किल्ली म्हणता येईल. जोडीतील एक किल्ली गुप्त असते. ती त्या यंत्रातून कधीही बाहेर जात नाही. दुसरी जाहीर असते. ती कोणालाही दिली तरी हरकत नाही. जोडणी होताना दोन्ही यंत्रे त्या भेटीपुरते एक नवे गुपित ठरवितात आणि सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने त्या भेटीवर सही करतो. ती सही खरी की खोटी, हे जाहीर किल्लीवरून तपासता येते. तोतयाने जाहीर किल्ली मिळवली तरी उपयोग नाही, कारण सही करण्यासाठी लागणारी गुप्त किल्ली त्याच्याकडे नसते.

म्हणजे सारा प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन ठेपतो. आपल्या हाती आलेली जाहीर किल्ली खऱ्या सर्व्हरचीच आहे, हे कशावरून? पूर्ण किल्ली डोळ्यांनी ताडून पाहणे कठीण, कारण ती बरीच लांब असू शकते. म्हणून गणिती पद्धतीने तिचा छोटा सारांश काढला जातो. त्याला ठसा म्हणतात. दस्तावर उमटवलेल्या अंगठ्यावरून माणूस ओळखावा, तसा या ठशावरून सर्व्हर ओळखायचा. पूर्वी हा ठसा अंक-अक्षरांच्या १६ जोड्यांत दाखविला जाई. २०१५ पासून ओपनएसएसएचमध्ये 'एसएचए-२५६' पद्धतीचा, ४३ अक्षरांचा ठसा रूढ झाला आहे. एका सर्व्हरला आरएसए, ईसीडीएसए आणि ईडी-२५५१९ अशा निरनिराळ्या प्रकारच्या किल्ल्या असू शकतात आणि प्रत्येकीचा ठसा वेगळा असतो. त्यामुळे ठसा ताडताना किल्लीचा प्रकारही तोच आहे ना, हे पाहावे लागते.

पहिल्या भेटीतील 'येस'

समजा, पिपरी (मेघे) येथे राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी दूरच्या सर्व्हरवर खाते मिळाले. तो प्रथमच जोडणी करतो. संगणक त्याला सांगतो, की या यंत्राची सत्यता सिद्ध करता येत नाही. त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे. जोडणी पुढे न्यायची का? विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता 'येस' लिहितो. संगणक ती किल्ली 'नोन होस्ट्स' नावाच्या फायलीत नोंदवून ठेवतो आणि पुढच्या वेळी काहीही विचारत नाही. 'पुटी' हा कार्यक्रम वापरणाऱ्यांना हाच प्रश्न एका छोट्या चौकटीत दिसतो आणि तेथेही बहुधा तत्काळ संमतीचे बटण दाबले जाते.

या 'येस'चा अर्थ मोठा आहे. 'हा ठसा मी पाहिला आहे, तो खरा असल्याची मी खात्री करून घेतली आहे', असे त्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकाला सांगितलेले असते. संगणक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. त्या पहिल्या क्षणी समोर तोतया असेल, तर त्याचीच किल्ली खरी म्हणून नोंदली जाते. पुढे एखाद्या दिवशी खरा सर्व्हर समोर आला, तर धोक्याची सूचना उलट खऱ्याबद्दलच मिळते.

पहिल्या भेटीत विश्वास ठेवून पुढे प्रत्येक वेळी तीच किल्ली आहे का हे पाहण्याची ही पद्धत अगदीच निरुपयोगी आहे, असे नाही. पहिल्याच जोडणीच्या वेळी कोणी दबा धरून बसलेला असण्याची शक्यता घरच्या किंवा संस्थेच्या जाळ्यावर कमी असते. पण रेल्वे स्थानक, उपाहारगृह, वसतिगृह किंवा सायबर कॅफेतील सामायिक वाय-फायवर ती गृहीत धरता येत नाही. तेथे सर्व्हरचे नाव बरोबर लिहिले तरी ते नाव कोणत्या यंत्राकडे न्यायचे, हे त्या जाळ्याचा चालक ठरवू शकतो.

पासवर्डऐवजी स्वतःच्या किल्लीने प्रवेश करणाऱ्यांचा धोका काहीसा कमी असतो. त्यांची सही त्या एका भेटीशी बांधलेली असल्याने तोतयाला ती उचलून खऱ्या सर्व्हरपुढे वापरता येत नाही. मात्र तोतया खोटे दार उघडून 'आत या' म्हणू शकतो आणि वापरणाऱ्याने तेथे पाठविलेल्या फायली व दिलेले आदेश त्याच्या हाती पडतातच.

ठसा ताडावा कसा?

यातील मुख्य नियम एकच. ठसा ज्या वाटेने आला, त्याच वाटेने त्याची खात्री करू नये. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला 'तुम्ही खरे कोण?' असे त्यालाच विचारून भागत नाही. म्हणूनच 'एसएसएच-कीस्कॅन' या आदेशाने सर्व्हरची किल्ली आधी खेचून आणली, म्हणजे तपासणी झाली, हा समज चुकीचा आहे. तो आदेशही त्याच जाळ्यावरून, त्याच संशयास्पद यंत्राला विचारत असतो.

सर्व्हर सांभाळणारा व्यवस्थापक प्रत्यक्ष त्या यंत्रासमोर बसून 'एसएसएच-कीजेन' या आदेशाने खरा ठसा काढू शकतो. तो ठसा वापरणाऱ्यापर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचला पाहिजे. खाते मंजूर झाल्याच्या छापील पत्रात तो देता येतो, संस्थेच्या सुरक्षित संकेतस्थळावर ठेवता येतो किंवा आधीपासून ठाऊक असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर वाचून दाखविता येतो. भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरच्या बाबतीत तो यंत्र प्रथम सुरू होतानाच्या नोंदींत अनेकदा उमटलेला असतो आणि कंपनीच्या नियंत्रण-पानावरून तो पाहता येतो.

ताडताना पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानू नये. हल्लेखोराला असंख्य किल्ल्या तयार करून, टोकांची काही अक्षरे जुळतील अशी एखादी निवडता येते. सारी ४३ अक्षरे जुळविणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. डोळ्यांनी ताडण्याचा कंटाळा असल्यास त्यावरही सोय आहे. एप्रिल २०१९ मधील ओपनएसएसएच ८.० पासून 'येस' लिहिण्याऐवजी आपल्याकडे आलेला खरा ठसाच तेथे चिकटविता येतो. तो जुळला तरच जोडणी पुढे जाते.

लाल दिवा लागला तर

एकदा नोंदविलेली किल्ली पुढे कधी बदललेली आढळली, तर संगणक ठळक अक्षरांत इशारा देतो, की दूरच्या यंत्राची ओळख बदलली आहे आणि कोणीतरी मध्ये शिरलेले असू शकते. सामान्य मांडणीत तो जोडणी नाकारतो. हा इशारा प्रत्येक वेळी हल्ल्याचाच असतो असे नाही. सर्व्हरवर नव्याने कार्यप्रणाली बसविली, जुने यंत्र काढून नवे आणले किंवा क्लाउडमधील तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला मिळाला, तरीही किल्ली बदलते. इशारा अनेकदा निरुपद्रवी निघतो, म्हणूनच लोक त्याला सरावतात आणि खऱ्या धोक्याच्या वेळीही तो दुर्लक्षिला जातो.

अशा वेळी प्रथम थांबावे आणि पासवर्ड देऊ नये. व्यवस्थापकाला विचारून किल्ली खरोखर बदलली का, याची खात्री करावी आणि नवा ठसा मागून घ्यावा. तो जुळल्यावर केवळ त्या एका सर्व्हरची जुनी नोंद काढावी. संपूर्ण नोंदवही पुसून टाकणे किंवा तपासणीच कायमची बंद करणे हे उपाय अनेकदा सुचविले जातात. पण घंटा वाजते म्हणून तिची तार कापण्याचाच तो प्रकार आहे.

किल्ली बदलण्याचे अलीकडचे मोठे उदाहरण 'गिटहब'चे आहे. जगभरातील प्रोग्रॅमर आपले काम जेथे ठेवतात, त्या या सेवेने २४ मार्च २०२३ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास, आपली आरएसए यजमान किल्ली बदलली. तिची गुप्त किल्ली अल्प काळ एका जाहीर संग्रहात उघडी पडली होती. तिचा गैरवापर झाल्याचे मानण्यास कारण नसल्याचे कंपनीने सांगितले. तरीही ती किल्ली हाती असलेला कोणीही गिटहबचे सोंग घेऊ शकला असता. त्या दिवशी असंख्य संगणकांवर तो इशारा झळकला. कंपनीने नवा ठसा आपल्या संकेतस्थळावर जाहीर केला होता. ज्यांनी तो ताडून पाहिला, त्यांना खात्री मिळाली. ज्यांनी न पाहता जुनी नोंद पुसली, त्यांना ती मिळाली नाही. वरकरणी दोघांचेही काम सारखेच सुरू झाले.

गुप्त किल्ली गुप्त न राहिल्यास ठशाला अर्थ उरत नाही, याचा याहून मोठा धडा मे २००८ मध्ये मिळाला होता. डेबियन या लिनक्स आवृत्तीत सप्टेंबर २००६ मध्ये झालेल्या एका बदलामुळे, एका प्रकारच्या यंत्रावर व एका लांबीच्या किल्लीसाठी केवळ ३२,७६८ वेगवेगळ्या किल्ल्याच निर्माण होऊ शकत होत्या. त्या साऱ्यांची यादी करणे कोणालाही शक्य होते. हे उघड होताच अशा सर्व्हरांच्या यजमान किल्ल्या नव्याने तयार कराव्या लागल्या.

एका पासवर्डची किंमत

मे २०२० मध्ये ब्रिटनमधील 'आर्चर' आणि जर्मनीतील काही महासंगणक हल्ल्यामुळे बंद ठेवावे लागले. त्यात यजमान किल्ल्यांचे सोंग नव्हते, तर वापरणाऱ्यांचे चोरलेले प्रवेशाधिकार वापरले गेले होते. पण एका ठिकाणी हाती लागलेला प्रवेश किती दूरवर नेतो, हे त्यातून दिसले. एका संशोधकाचा पासवर्ड गेला, तर नुकसान त्याच्या एकट्याचे राहत नाही. त्याच यंत्रावर काम करणारे शेकडो जण अडकतात.

वर्ध्यासारख्या जिल्ह्यात हा विषय परका नाही. येथे आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. घरबसल्या पुण्या-मुंबईच्या वा परदेशी कंपन्यांचे काम करणाऱ्या तरुणांनाही रोज असे दार उघडावे लागते. रुग्णांच्या नोंदी, परीक्षांचे निकाल, अनेक वर्षांचे संशोधन अशा यंत्रांवर असते, तेव्हा ठसा ताडणे ही तंत्रज्ञाची हौस न राहता कामाचाच भाग ठरते.

जबाबदारी कोणाची?

सारा भार वापरणाऱ्यावर टाकणे मात्र न्याय्य ठरणार नाही. ठसा कोठेच जाहीर केलेला नसेल, तर विद्यार्थ्याने तो ताडायचा कशाशी? खाते देताना ठसा देणे, किल्ली बदलणार असल्यास आधी कळविणे आणि यंत्र नव्याने उभारताना शक्य असल्यास जुनी किल्ली जपून परत बसविणे, ही व्यवस्थापकांची जबाबदारी आहे. सर्व्हर अनेक असतील तर आणखी चांगले मार्ग आहेत. २०१० पासून ओपनएसएसएचमध्ये प्रमाणपत्रांची सोय आहे. संस्थेची एकच प्रमुख किल्ली तिच्या सर्व सर्व्हरांच्या किल्ल्यांवर सही करते आणि वापरणाऱ्याने केवळ त्या एका किल्लीची खात्री करून घेतली, की पुरते. २००६ मध्ये प्रमाणित झालेल्या दुसऱ्या पद्धतीत इंटरनेटच्या नावनोंदणी व्यवस्थेतच ठसा ठेवता येतो; मात्र त्या नोंदींवर 'डीएनएससेक'ची सही असली तरच तिला अर्थ आहे.

हे सारे उभे राहीपर्यंत साधा उपाय पुरेसा आहे. संगणक प्रयोगशाळेच्या भिंतीवर सर्व्हरचे नाव, किल्लीचा प्रकार आणि तिचा ठसा लिहिलेला एक कागद लावावा, त्याखाली व्यवस्थापकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. त्यासाठी खर्च नाही आणि विद्यार्थ्याला सवय पहिल्याच दिवसापासून लागते.

सेगावचा प्रश्न नाव बदलून सुटला, कारण तेथे केवळ नावाचा गोंधळ होता. संगणकाच्या जगात कोणतेही नाव कोणीही धारण करू शकतो. तेथे यंत्राची ओळख नावाने पटत नाही, त्याच्या ठशाने पटते. आणि तो ठसा वेगळ्या वाटेने ताडून पाहिल्यावरच 'येस' हा शब्द लिहिण्यात अर्थ आहे.